झाकणाच्या आतली खूण

हे लिहायचं मी चाळीस वर्षं टाळलं. या सदरात लोक आपापले अनुभव लिहितात, ते मी दर महिन्याला वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. चकवा, हाका, पांढरी आकृती... यातल्या कशावर माझा कधी विश्वास बसला नाही. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. घड्याळ बंद पडलं की त्याला कारण असतं, आणि भिंगातून नीट पाहिलं तर ते सापडतं, हाच माझा धर्म. पण एका घड्याळाचं कारण मला आजही सापडलेलं नाही. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, हात थरथरतात. लिहून मोकळा होतो.

हकीकत पौडची आहे. मुळशी तालुक्याचं मुख्य गाव, त्यामुळे कचेरीच्या कामासाठी लांबलांबून माणसं यायची. कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर इस्माईलचाचांचं घड्याळांचं दुकान होतं. दुकान कसलं – पाच फुटांची टपरी, काचेचं कपाट आणि खिडकीशी टेबल. मी त्यांच्याकडे सहा वर्षं काम केलं. जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं.

आमच्या धंद्यात एक रीत होती. घड्याळ उघडून काम केलं की पाठीमागचं झाकण लावायच्या आधी, झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली बारीक खूण कोरायची आणि साल टाकायचं. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढचा कारागीर उघडतो तेव्हा त्याला कळतं, आपल्या आधी इथे कोण येऊन गेलं. चाचा 'इ' कोरायचे. मला त्यांनी 'द' कोरायला शिकवलं, दत्तूचा द.

"काम जमलं तरी खूण, बिघडलं तरी खूण," ते म्हणायचे. "खूण न करता झाकण लावलं, तर ते चोरानं घर बंद केल्यावानी हाय."

मी डावखुरा. माझ्या चिमट्याचे ओरखडे नेहमी उलट्या बाजूने पडायचे. त्यावरून चाचा मला चिडवायचे, "तू कशाला खूण करतोस रं? तुझी सही तर न लिहिताच पडती."

१९७५च्या उन्हाळ्यात कासारसाईचे बबनराव एक घड्याळ घेऊन आले. सोन्याचं, स्विस, नामांकित कंपनीचं. त्यांचे वडील मुळशी धरणावरच्या एका पारशी इंजिनिअरकडे स्वयंपाकाला होते. साहेबांनी जाताना मनगटावरचं काढून त्यांना दिलं. असलं घड्याळ आमच्या टेबलावर पहिल्यांदाच आलं होतं. चाचांनी ते पूर्ण खोललं, धुतलं, तेल दिलं, झाकणात 'इ ७५' कोरलं. तेवढ्यात वाईहून निरोप आला, मुलगी बाळंतपणात अडली आहे. झाकण नुसतं टेकवून ठेवत ते म्हणाले, "दोन दिवस टाइम बघ. बरोबर चाललं की दाबून लाव न् बबनरावाला दे. आत हात घालू नगंस."

मी हात घातला. गरज काही नव्हती. घड्याळ उत्तम चालत होतं. पण असं यंत्र पुन्हा कधी हाताखाली येईल, असं वाटलं. त्याचं बॅलन्स – आत सतत इकडून तिकडे झुलणारं चाक – सोनेरी होतं, कडेने मोहरीहून बारीक स्क्रू. ते उचलून पाहावं म्हणून चिमटा लावला आणि चिमटा घसरला. चाकाच्या आसाचं केसाएवढं टोक तुटलं.

तसं टोक हाताने घडवायचं काम फक्त चाचांना जमायचं. मी त्यांची वाट पाहू शकलो असतो. पण मला भीती वाटली... भीतीपेक्षा लाज. भंगारात त्याच मापाचं यंत्र असलेलं एक साधं घड्याळ होतं. त्यातलं पांढरं निकेलचं बॅलन्स काढून मी यात बसवलं. घड्याळ चालू झालं. मी झाकण दाबलं. खूण केली नाही.

दुसऱ्या दिवशी बबनराव घड्याळ घेऊन गेले. चाचा आठवड्याने नातू झाल्याचे पेढे घेऊन परतले. तुटलेलं सोनेरी चाक मी औषधाच्या एका छोट्या पत्र्याच्या डबीत घालून घरी नेलं. फेकवेना.

पुढे दोन वर्षांनी मी रस्त्याच्या पलीकडे स्वतःचं दुकान टाकलं. चाचांनीच नारळ फोडला.

१९८०मध्ये बबनरावांना विहिरीवर इंजिन बसवायचं होतं, म्हणून त्यांनी ते घड्याळ विकायला काढलं. घेणारे पुण्याचे एक डॉक्टर, जुन्या घड्याळांचे शौकीन. त्यांची एकच अट – आतला प्रत्येक भाग मूळचा आहे असं तिऱ्हाईत कारागिराने बघून सांगावं. चाचांनी आधी काम केलेलं, म्हणून तिऱ्हाईत मी!

भर दुपारी माझ्या दुकानात सगळे जमले. मी झाकण उघडलं. डॉक्टरांनी स्वतःचं भिंग आणलं होतं. माझ्या आधी तेच वाकले.

"अहो, हे बॅलन्स पांढरं कसं? या मॉडेलला सोनेरी असतं. बघा बरं तुम्ही."

मी पाहिलं. काय पाहायचं होतं?

"हो," मी म्हणालो. "हे मूळचं नाही."

"कोणी बदललं?"

मी चिमटा पुसायला घेतला. डॉक्टरांनी झाकण उलटं करून उजेडात धरलं. आत एकच खूण होती, 'इ ७५'.

बबनराव ताडकन उठले आणि समोरून चाचांना घेऊन आले. चाचा हात पुसत आत आले. "काय झालंय येवढं? घड्याळ मेलं का डॉक्टर मेला?" असं हसतच म्हणाले. मग सगळ्यांचे चेहरे पाहिले, डोळ्याला भिंग लावून वाकले.

मला कळत होतं ते काय बघताहेत. पांढऱ्या चाकाशेजारी चिमट्याचे दोन ओरखडे होते, उलट्या बाजूने पडलेले.

त्यांनी भिंग काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी चुकीचा स्क्रू उचलला की बघायचे, तसं.

"दत्ता, तुला काय बोलायचंय का?"

"नाही चाचा."

त्यांनी मान हलवली. मग बबनरावांना म्हणाले, "आतली खूण माझी हाय. म्हंजे काम माझंच."

"चाचा, तुमी?" बबनरावांचा आवाज चिरला. "आमच्या आबाची आठवण व्हती ती. दुसऱ्या कुणी केलं असतं तर काय वाटलं न्हवतं."

"व्हय बाबा," चाचा म्हणाले. "माफी कर." आणि माझ्याकडे न बघता, "झाकण लाव, दत्ता. धूळ जाती."

सौदा मोडला. पौड लहान गाव. आठ दिवसांत घरोघर झालं की इस्माईलनं सोन्याच्या घड्याळातला माल काढून घेतला. काहींनी त्यांच्या जातीधर्मावरूनही बोलून घेतलं. मी तेही ऐकून घेतलं, एका शब्दाने अडवलं नाही. उलट माझं नाव झालं. दत्तू खरं ते तोंडावर सांगतो! पुण्याहून माणसं जुनी घड्याळं पारखायला माझ्याकडे येऊ लागली.

वर्षभरात चाचांनी टपरी उठवली. वाईला मुलीकडे निघाले, त्या सकाळी वळकटी घेऊन माझ्या दुकानाशी थांबले. माझ्यासमोर गिऱ्हाईक होतं. मी उठलो, तोंड उघडलं... तेवढ्यात एसटीच्या कंडक्टरने घंटी दिली.

"येतो रं. जेवत जा येळंवर," एवढंच ते म्हणाले.

दोन वर्षांनी कार्ड आलं, चाचा गेले. ते वाचून मी दुकान बंद केलं, घरी आलो, ती डबी काढली. हे नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. चाचा गेल्याचं कळलं त्या दिवशी मी भिंग लावून ते चाक पाहिलं. सोनेरी चाक, टोक तुटलेलं. माझ्या डोळ्यांनी. परत डबीत ठेवलं, डबी ट्रंकेत ठेवली, कुलूप लावलं. किल्ली माझ्या जानव्याला असायची.

त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यात बबनराव दुकानात आले. हातात तेच घड्याळ.

"दत्तू, ह्याला काय झालंय बघ जरा."

"बंद पडलं का?"

"बंद कसलं! लई बरोबर चालतंय. तीच तर भानगड हाय. आधी दिसाला चार मिनटं मागं पडायचं. त्या डॉक्टरच्या भानगडीनंतर मी पेटीत टाकलं ते टाकलंच. आता पोराच्या लग्नात काढलं, चावी दिली, तर आठ दिस झालं, रेडिओच्या टायमाला टक्क! बायको म्हणती, तुमच्यापरीस घड्याळाला अक्कल आली."

"मधे कोणी उघडलं होतं?"

"कोण उघडतंय? पेटीत व्हतं म्हनलं की."

मी हसत हसत झाकण उघडलं. आणि हसू तिथेच थांबलं.

आत सोनेरी चाक झुलत होतं.

मी ते बाहेर काढलं. आसाचं तुटलेलं टोक नवीन केलेलं होतं, हाताने. टोक घडवल्यावर ते किंचित निळसर होईपर्यंत तापवायचं ही चाचांची पद्धत. दुसऱ्या कोणाला तसं करताना मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. टोक निळसर होतं. झाकण उलटं केलं. आत फक्त जुनं 'इ ७५', आणि त्याच्या शेजारची जागा... कोरी. चाचांनी खूण न करता कधी झाकण लावलं नव्हतं.

"काय रं, पांढराफटक पडलास?" बबनराव म्हणाले.

"बसा. आलोच."

घरी धावत गेलो. बायको म्हणाली, "अहो, आता यावेळी? काय शोधताय?" मी ट्रंक उघडली. डबी होती तिथेच होती. आत पांढरं निकेलचं चाक होतं, त्यावर माझ्या डाव्या हाताचा ओरखडा.

ट्रंकेला कुलूप लावलं. दुकानात परतलो तर बबनराव चहा पीत होते.

"सगळं ओरिजिनल आहे," मी म्हणालो.

"मग त्या वक्ताला?"

इथे तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तेव्हा माझी नजर चुकली असेल."

"म्हंजे चाचा खरा व्हता?"

"हो."

बबनरावांनी कप खाली ठेवला. "मग त्यानं कबूल का केलं रं?"

मी चाक परत बसवायला घेतलं. बबनराव रस्त्यापलीकडे, जिथे टपरी होती तिकडे बघत बसले. झाकण लावायच्या आधी मी सुई घेतली आणि त्या कोऱ्या जागेत 'द ७५' कोरलं. 'द' वाकडा आला.

बबनरावांनी मात्र पुढच्या बाजारच्या दिवशी चारचौघांत ओरडून सांगितलं, इस्माईल निर्दोष होता. जे मी करायचं, ते त्यांनी केलं.

मी याचा सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. बबनरावांनी दुसऱ्या कारागिराकडून काम करून घेतलं? पण ते चाक माझ्या कुलपात होतं. मीच भ्रमात अदलाबदल केली? पण टोक घडवणं मला आजही येत नाही आणि घड्याळ कासारसाईत होतं. चाचा जिवंत असतानाच करून गेले? ते गेल्यावर मी तुटलेलं टोक पाहिलं होतं. कुठल्याही बाजूने लावा, भाग जुळत नाही. एवढं मात्र वाटतं, की ज्याने कोणी ते केलं त्याच्या मनात माझ्याबद्दल राग नव्हता. रागावलेला माणूस कोरी जागा ठेवत नाही.

त्या पावसाळ्यानंतर मी वाईला गेलो. चाचांच्या मुलीने, मेहरूनने, चहा दिला. म्हणाली, "अब्बा तुमचं नाव लई काढायचे. म्हणायचे, दत्ताचा हात हलका हाय, पण मन घाबरट." आणि हसली. चाचांसारखीच. मी सांगायला गेलो होतो. नातवाची मार्कं विचारली, दारातल्या पेरूच्या झाडाचं कौतुक केलं आणि उठलो. कबरीपाशी उभा राहिलो, तिथेही दोन बाया पाणी घालत होत्या म्हणून गप्प राहिलो. मेहरूनही आता नाही.

येताना गाडीत, आणि त्यानंतर रोज, मी ते वाक्य मनात म्हणत आलो आहे. ते असं होतं –

चाचा, त्या दुपारी तुम्ही मला विचारलंत, दत्ता, तुला काय बोलायचंय का. हो चाचा, बोलायचं होतं. ते चाक मी मोडलं. मला माफ करा.