फरशीच्या फटीतलं मीठ

अंगणातलं गवत मला बघवत नाही. शहाबादी फरशीच्या फटीतून हरळीची एक काडी डोकावली तरी माझं डोकं फिरतं. गुडघे धड होते तोवर खुरपं घेऊन बसायचे. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मोबाइलला शरण गेले. त्यात एक बाई हसत हसत सांगत होती: मीठ, व्हिनेगर आणि भांड्यांचा साबण, तीन दिवसांत तण साफ.

मंठाळला आमच्या घरात व्हिनेगर कुठलं? मी आपली अक्कल लढवली. चिंचेचा घट्ट कोळ काढला, त्यात साबणाचा चुरा आणि डब्यातलं होतं नव्हतं तेवढं खडेमीठ टाकलं, वर उकळतं पाणी.

"एवढी आमटी कुनासाठी करायलीस?" नवऱ्यानं विचारलं. मी भरलेली बादली फटीफटीतून ओतली, आणि उरलेलं पाणी खराट्यानं लोटून दिलं.

गवत जळालं, अगदी मुळापासून. मी दोन दिवस मिरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, आमच्या अंगणाचा उतार शेजारच्या अक्कांकडे आहे. भिंतीच्या बुडाशी पाणी जायला भोक आहे, आणि त्या भोकापलीकडे अक्कांचा बेल.

अक्का लिंगायत. रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजा करतात, आणि पत्री त्याच बेलाची. ते रोप त्यांच्या यजमानांनी लावलं होतं, ते गेले त्याच वर्षी. सोमवारी मूठभर पत्री न मागता आमच्या महादेवासाठीही यायची. त्या बेलाची पानं कडेनं करपली, मग पिवळी पडून गळू लागली. दिवाळी नुकतीच झालेली. ते काही पानगळीचे दिवस नव्हते.

आठवडाभर मी तोंड लपवलं. अक्का पूजेसाठी देवळाजवळच्या झाडाची पत्री आणू लागल्या. सोमवारी त्यातली मूठभर आमच्याकडेही आली. तो सोमवार माझ्याच्यानं सोसला नाही. दुपारी मी पलीकडे गेले. अक्का बेलाच्या बुडाशी बसून वरची माती पाटीत भरत होत्या.

"अक्का, माझंच पाणी गेलंय तिथं. मिठाचं," मी म्हणाले आणि रडू लागले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माती जिभंला लावून बघितली की म्या. आता रडू नका, ती पाटी उचला."

आम्ही दोघींनी वीतभर माती काढून लांब टाकली, शेणखत घालून नवी माती भरली. मग रोज माझ्या बोअरचा पाइप भिंतीवरून सोडून भरपूर गोडं पाणी, मीठ खाली धुऊन जाईपर्यंत. महिन्याभरानं एका फांदीला तांबूस कोंब आला. मी त्या दिवशी अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

अंगणात आता फक्त उकळतं पाणी, तेही भिंतीपासून लांबच्या फटीत. भिंतीलगतचं गवत अक्का आणि मी पाटावर बसून उपटतो. त्यातली घोळ अक्का भाजीला नेतात. इतकी वर्षं मी ती फेकून देत होते.

परवा उपटता उपटता मी विचारलंच, "तुमाला मी सांगायच्या आदीच कळलं होतं. मला कामून बोलला न्हाईत?"

अक्का मुळं झटकत म्हणाल्या, "म्या इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता. मग आपलं बोलनं बंद झालं असतं. झाड काय, पुन्यांदा लावता येतंय."

यजमानांच्या हातचं झाड होतं ते. आणि खरं सांगते, मी नाहीच म्हणाले असते.