पाण्याला मलेरिया

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे पुन्हाताई म्हणतात. कुठलाही निकाल समोर आला, की चष्मा कपाळावर ढकलून ती म्हणणार, "पुन्हा करू या." पार जीव खाते.

परदेशातून ताप घेऊन आलेल्यांचं रक्त आमच्याकडे येतं. काचपट्टीवर मलेरियाचा जंतू सापडला नाही, तरी आमचं पीसीआर मशीन त्याचा माग काढतं. सगळ्यांचे नमुने भरून झाले, की मशीनच्या प्लेटमधल्या शेवटच्या खळग्यात नुसतं पाणी घालायचं. ते कोरं निघालं, तरच बाकीच्या निकालांवर विश्वास.

त्या दिवशी तिच्या सख्ख्या दादाचा नमुना आला. विहिरी खणायच्या कामावर परदेशी गेलेला, तिकडे अर्धवट गोळ्या घेऊन परतलेला, तापाने फणफणलेला. काचपट्टीवर काहीच दिसलं नव्हतं. "मी करते," मी म्हटलं. तिने ऐकलं नाही.

निकाल पाहून माझं डोकंच चालेना. दादा कोरा, आणि पाण्याला मलेरिया.

डॉक्टरही गोंधळले. "पाणी खराब झालं असेल. उद्या परत लावा सगळं. पण तुमचे दादा कोरे दिसतायत, त्यांना घरी सोडू."

"सुटलो बाई," म्हणत पुन्हाताईने हातमोजे उतरवले आणि वहिनीला फोन लावला. मी बघतच राहिले. हिने आज 'पुन्हा' म्हणू नये? मला तिचा राग आला की कीव, माझं मलाच कळेना.

"ताई, दादाचं कधी भरलंस?"

"सगळ्यांच्या शेवटी. आधी धीरच होत नव्हता गं."

"शेवटच्या खळग्यात?"

तिने फोन कानापासून दूर केला. त्या खळग्यात पाणी घालायची आम्हां सगळ्यांच्या हाताची सवय. भीतीपोटी तिने दादाला मागे ठेवलं, तो पाण्याच्या जागी गेला आणि पाणी त्याच्या रिकाम्या राहिलेल्या जागी. फोनमधून वहिनी विचारत होती, "काय झालं? बरे आहेत ना हे?"

"थांब जरा," ती कशीबशी म्हणाली.

"पुन्हा," मी म्हटलं, आणि या वेळी सगळं मीच भरलं. ती शेजारी हात बांधून उभी होती.

पाणी कोरं निघालं. दादाला मलेरिया होता.

पुन्हाताई हसायला लागली आणि हसता हसता रडू लागली. डॉक्टर बावरून म्हणाले, "खात्रीसाठी अजून एकदा करू या का?"

"नको," डोळे पुसत ती म्हणाली. "आधी त्याचं औषध सुरू करा."