शेंदराखालचा दांडा

आमच्या धानोऱ्याच्या घरामागे सांदवाडीत दुसऱ्या महायुद्धातली एक जीप उभी आहे. आमच्या मालकांनी, पोराच्या बापानं, ती तरुणपणी एका जंगल ठेकेदाराकडून घेतली. तिनं तेंदूपत्ता वाहिला, मोहफुलाची पोती वाहिली, अडलेल्या बाळंतिणी गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचवल्या. मालक गेले अन् तीही बसली. आता त्या जागी पोराले ट्रॅक्टरसाठी शेड पाहिजे होतं. मी म्हटलं, जाऊ दे बापा, पण जिथी जाईल तिथी अख्खी गेली पाहिजे, चालती झाली पाहिजे. तो हो म्हणाला.

मग शहरातून जुन्या गाड्यांचे दोन शौकीन ती घ्यायले आले; दोघांच्याही घरी अशीच एकेक अर्धवट जीप होती. त्यांच्याकडून मले कळलं का लढाईत एकाच नकाशावरून दोन कंपन्यांनी ह्या गाड्या बनवल्या होत्या. दिसायले जुळ्या बहिणी. फरक काय, तर पहिल्या कंपनीच्या चौकटीत रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल पाइपाचा, दुसरीच्यात चपट्या दुमडल्या पत्र्याचा. अन् दुसरीनं बोल्टाच्या डोक्यावरही आपलं अक्षर ठोकलेलं, जसं आपण लग्नातल्या भांड्यांवर नाव टाकतो.

गाडी चालत होती काय, कुठी चालली, काही विचारलं नाई त्यांनी. सोयरिकीले आलेले पाव्हणे पोरगी पाहायच्या आधी पोटजात विचारतात, तसे हे सरळ गाडीखाली घुसले. एक टॉर्च घेऊन बोल्ट वाचत होता. दुसरा, चष्मेवाला, दांड्यावर हात फिरवून खूश झाला. म्हणे गोल आहे, पहिल्या कंपनीची चौकट. टॉर्चवाला म्हणे बोल्ट तर दुसरीचे. चहा थंड होईपर्यंत दोघांची जुंपली. शेवटी त्यांनी ठरवलं, गाडी भेसळीची आहे. तोडून बोल्ट एकाच्या जीपले लावायचे, चौकट दुसऱ्याच्या.

मी विचारलं, "अन् बाकीची गाडी?"

"बाकी भंगार आहे, काकू," चष्मेवाला म्हणाला.

अख्खी देऊ म्हणालेला पोरगा माझ्याकडे पाहीना. मले आला राग. लढाईत कारागिरांनी हाती लागला तो बोल्ट लावून गाडी पुढं काढली असेल, आमच्या मालकांनीही तेच केलं. अन् हे चालले तिच्या अंगातलं शुद्ध रक्त मोजायले. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही हात फिरवला ते लोखंड नाई. तो शेंदूर आहे."

खरंच होतं ते. आमच्याकडे दसऱ्याले गाडी पुजायची ती हार घालून नाई. तेलात कालवलेला शेंदूर त्या दांड्याले लावायचा, देवाले लावतो तसा, अन् जुना काढायचा नाई. थरावर थर चढून दांडा लोडासारखा गोल झाला होता. चष्मेवाल्याले पटेना, म्हणून मीच नारळ फोडायचा दगड घेऊन एक ठोका दिला. खपली पडली. आत चपटा दुमडलेला पत्रा.

मले वाटलं, आता लाजून जातील. कशाचं! टॉर्चवाला नाचायचाच बाकी होता. चौकट अन् बोल्ट एकाच कंपनीचे निघाले ना! आता त्याले दोन्ही पाहिजे होते, त्याच्या जीपमध्ये तेवढंच कमी होतं म्हणे. आपल्या हातून जाऊ नये म्हणून चष्मेवालाही भाव वाढवू लागला. माझ्याच ठोक्यानं गाडीवर गिधाडं जास्त जमली.

"दोघंही उठा आता," मी म्हटलं. "गाडी देत नाई."

पोरगा त्यांना फाटकापर्यंत सोडून आला. जेवताना एवढंच म्हणाला, "मग ट्रॅक्टर कुठी ठेवू?"

"कडूलिंबाखाली ठेव."

औंदा दसऱ्याले शेंदूर त्यानंच कालवला. खपली पडली तिथी दोनदा लावला, तरी तिथी खड्डा दिसतेच. ट्रॅक्टर लिंबाखाली उभा आहे, अन् त्यावर कावळे हगतात म्हणून तो मले रोज ऐकवते.