बाराची वाट पाहताना

आमच्या वऱ्हाडात अक्षय तृतीयेला घट मांडायची रीत आहे. शेतात गोल खड्डा करायचा, मधे पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई, वडा, अन् भोवती गहू, ज्वारी, तूर, कपाशी असं सगळं मांडून घरी जायचं. सकाळी येऊन पाहायचं, कोणता दाणा सरकला अन् कोणता जाग्यावर राहिला. त्यावरून वर्षभराचं पाऊसपाणी अन् भाव सांगतात. कोणी मानतो, कोणी हसतो, पण काय निघालं हे विचारल्याशिवाय एकही माणूस राहत नाही.

अमरावतीच्या राजापेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, अन् तिथं आम्हीही घट मांडतो. आम्ही म्हणजे मी अन् माझा अकोल्याचा दोस्त, जो कॉम्प्युटरचे सुटे भाग विकतो अन् घटाला माझ्याकडे मुक्कामी येतो. दुकानातल्या टेबलाच्या मधोमध एक जुना पंखा ठेवायचा, ती आमची घागर. भोवती रॅमची पट्टी, प्रोसेसर, हार्डडिस्क, चार स्क्रू. संध्याकाळी शटर ओढायचं अन् सकाळी उघडून पाहायचं. रॅम सरकली तर रॅम महाग होणार. प्रोसेसर जाग्यावर तर नवी चिप यंदा येत नाही. सरकवतो उंदीर, हे दोघांनाही पक्कं ठाऊक. तरी शटर वर करताना छातीत धडधड होतेच!

कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमला आम्ही नावानं हाका मारत नाही, नंबरानं मारतो. सात गेली, दहा गेली, सध्या अकरा सुरू आहे अन् सगळ्यांचे डोळे बाराकडे. बारा येणार का अकरालाच नवे कपडे घालणार? आली तर जुन्या मशीनवर चालेल का? चिपमध्ये म्हणे आता विचार करणारा वेगळा कप्पा येतो, तो पुढच्या खेपेला दुप्पट होणार का? अमेरिकेत कोणीतरी एक अंधुक फोटो टाकतो अन् राजापेठेत आमचा चहा थंड होतो. बायको म्हणते, एवढी वाट तर तुम्ही लग्नाचीही पाहिली नसेल. खरंच नव्हती पाहिली.

हसा खुशाल. पण मी वीस वर्षं पेचकसानं स्क्रू फिरवणारा माणूस आहे अन् अजूनही नवी चिप डब्यातून काढली की माझ्या अंगावर काटा येतो. नखाएवढा तुकडा. त्यात मोजता येणार नाहीत इतके खटके, अन् कोणीतरी माणसानंच ते बसवलेले! दर्यापूरकडच्या आमच्या खेड्यात लाइट आली तर लोकांनी बल्बाला हळदकुंकू लावलं होतं, असं आजा सांगायचा. तेव्हा मी हसलो होतो. आता मला तो बल्ब अन् ती माणसं दोन्ही कळतात.

गेली दोन वर्षं मात्र ही वाट पाहणं नुसतं शौकाचं नव्हतं. त्यात माझे बाबा अडकले होते.

बाबा अमरावतीच्या फूलबाजारात हर्रास बोलायचे. हर्रास म्हणजे लिलाव. पहाटे झेंडू, शेवंती, निशिगंधाचे ढीग पडले की बाबा ओट्यावर उभे राहून असा काही आवाज लावायचे की रस्त्यावरची कुत्री बाजूला व्हायची. बाजारात भोंगा कधी लागलाच नाही. घरीसुद्धा तोच पट्टीचा आवाज. चहा मागितला तरी तीन घरं ऐकायची. मग गळ्यात गाठ निघाली, नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं अन् माणूस वाचला. पण ते बोलणं संपलं. घरात एकदम अशी शांतता झाली की मला माझ्याच घरात परक्यासारखं वाटायला लागलं.

बाबांना पाटीवर लिहून बोलायची सवय लागली. आईला बोलवायचं असलं की ते पितळी गिलासावर चमचा वाजवायचे. टिंग टिंग. आई हातातलं काम टाकून यायची. त्या गिलासातून मग कोणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. तो बाबांच्या खाटेजवळच राहायचा, चमच्यासकट.

ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, यांचा आवाज भरून ठेवा, पुढं कॉम्प्युटर या आवाजात बोलायला शिकेल. मी लगेच कामाला लागलो. बाबांना नवा सदरा घातला, माइक समोर ठेवला, हातात वर्तमानपत्र दिलं अन् ताकीद दिली, "बाबा, हळू वाचा. नीट वाचा. ओरडू नका, मशीन घाबरते." शाळेत तपासणीला साहेब आल्यावर पोरगं वाचतं, तसं बिचाऱ्यांनी एक एक शब्द सावकाश वाचला. दोन तास. मी खूश. एवढी साफ रेकॉर्डिंग अख्ख्या अमरावतीत कोणाकडे नसेल, असं मला वाटलं.

आता फक्त मशीन घ्यायची होती. अन् तिथंच माझं घोडं अडलं. कारण जी घ्यावी तिच्याहून चांगली सहा महिन्यांनी येणारच होती! दोस्त म्हणायचा, "अबे थांब ना लेका. पुढची चिप येऊ दे. बारा आली की ते मराठी स्वतःच बोलन म्हनतात. काहून घाई करून राहिला?" मलाही ते पटायचं. बाबांचा आवाज म्हणजे काय साधी गोष्ट आहे? तो आणायचा तर सगळ्यात भारी मशीनवरच आणायचा. असं म्हणता म्हणता पहिलं वर्ष गेलं. पुढच्या घटात प्रोसेसर जाग्यावरून हलला नाही, म्हणून दुसरंही गेलं.

यंदाच्या घटाला बाबा सकाळी दुकानात आले. घर मागच्याच गल्लीत आहे, फिरत फिरत आले असतील. मी शटर वर केलं. रॅम चांगली वीतभर सरकलेली अन् प्रोसेसर तसाच, जसा ठेवला तसा. दोस्त हात उडवून म्हणाला, "झालं! यंदा काही खरं नाही गड्या. पुढच्या सालीच घे."

"हो ना," मी म्हणालो. "आता एवढं थांबलो तर अजून एक साल."

बाबांनी काखेतली पाटी काढली अन् लिहिलं, "फूल उद्यावर ठेवलं तं कोनी घेत नाही."

माझं डोकं सटकलं. दोन वर्षं मी यांच्यासाठी डोळ्यात तेल घालून बातम्या वाचतो आहे अन् हे मला धंदा शिकवतात! मी ओरडलोच, "बाबा, हा झेंडू नाही, कॉम्प्युटर आहे! तुम्हाला यातलं काही कळत नाही."

बाबा रागावले नाहीत. त्यांनी बाहीनं पाटी पुसली, सावकाश लिहिलं अन् माझ्यासमोर धरली.

"मी तं झेंडूच हाय."

दोस्तानं मान खाली घातली. मी टेबलावरचे स्क्रू उगाच गोळा करत बसलो. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण चिपचं वय महिन्यांत मोजणाऱ्या मला बापाचं वय कधी मोजावंसं वाटलं नाही, याची त्या क्षणी लाज वाटली. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अकोला गाठलं. दोस्तानं दुकानात होती त्यातली चांगली चिप काढली, चांगलं ग्राफिक कार्ड काढलं अन् स्वतःच्या हातानं मशीन जोडून दिली. झाकण लावायच्या आधी त्यानं तिला हात जोडले. एरवी मी त्याची टर उडवली असती. त्या दिवशी मीही जोडले.

घरी आणून दोन दिवस मशीन चालू ठेवली. एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम होता, त्याला आवाज ऐकवला की तो त्या आवाजात बोलायला शिकतो. पंखे गरगर फिरत होते अन् मी समोर बसून होतो. आतमध्ये एक तुकडा माझ्या बापाचा गळा शिकतो आहे, या विचारानं मला जेवण गोड लागेना. देवळात सुद्धा मी इतका चूप कधी बसलो नाही.

मग बाबांना बसवलं. त्यांनी एका बोटानं टाइप केलं अन् मशीन बोलली. आवाज बाबांचा होता. शंकाच नाही, त्यांचाच गळा. पण बोलत होता एखादा साहेब. हळू, नीट, एक एक शब्द धुऊन वाळवून. बाबांनी ऐकलं अन् नकळत सदऱ्याची वरची गुंडी लावली.

आतून आईनं विचारलं, "कोन साहेब आले रे? चहा ठेवू का?"

 दोन वर्षांपूर्वी मीच तर त्यांना सांगितलं होतं, ओरडू नका म्हणून. मला वाटलं होतं, मशीनसमोर चांगलं बोलावं लागतं, कलेक्टर कचेरीत बोलतो तसं. आमच्याकडे सगळ्यांनाच असं वाटतं. घरात एक बोली अन् माइकसमोर दुसरी. माणूस वाचवायचा होता अन् मी त्याचा नवा सदरा वाचवून ठेवला होता. खरा आवाज तर डॉक्टरांनी काढून टाकला. आता सिस्टिम अकरा असो की बारा, ती तो कुठून आणणार?

दोन दिवस मी मशीनकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी बाळापूरचे चाचा आले. चाचा फुलांचे व्यापारी. दर्ग्याच्या चादरी, लग्नाचे सेहरे, सगळा माल ते पंचवीस वर्षं बाबांच्या हर्राशीतूनच घ्यायचे. अमरावतीत आले की बाबांना भेटल्याशिवाय जात नाहीत. मी त्यांना मशीन ऐकवली, तर हसून हसून त्यांना ठसका लागला.

"ये कौन खबरें पढ रहा है? बेटा, तेरे बाबा ने जिंदगी में कभी 'कृपया' बोला क्या?"

मग माझा चेहरा पाहून त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मी सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग हीच एक आहे, आता काही उपाय नाही, असंही सांगितलं. चाचांनी खिशातून मोबाइल काढला अन् माझ्या हातात दिला.

"एक काहून? ये देख ना."

बाबांना तेव्हा टाइप करता यायचं नाही. म्हणून रोज पहाटे ते बाजारातून चाचांना आवाजाचे मेसेज पाठवायचे. शेकडो होते, अन् चाचांनी एकही पुसला नव्हता. मोबाइल भरला तेव्हा म्हणे त्यांनी लग्नाचे फोटो काढून टाकले, पण हे ठेवले. मी एक लावला.

"चाचा! आज झेंडू बेज्जा आला, भाव पडते! घाई नोका करू, घरीच चहा प्या! पन आजच उचला, उद्या चढन! निशिगंध मात्र आज नोका घेऊ, उद्या त्याले कुत्रं पुसनार नाही!"

खोली दणाणली. मागं गाड्यांचा, हमालांचा गलका, अन् त्या सगळ्याच्या वर बाबा. मी ऐकतच राहिलो. आम्ही वर्षातून एकदा घट मांडतो, हे रोज पहाटे मांडायचे! उद्या काय येणार, काय चढणार, काय पडणार. अन् तरी आजचा माल आजच विकून घरी यायचे.

"अंदाज गलत जाते थे क्या?" मी चाचांना विचारलं.

"जाते थे ना. दूसरे दिन खुद ही गाली खाने फोन करते थे."

माझ्या मोबाइलमध्ये बाबांचा असा एकही मेसेज नाही. मला ते फोन लावायचे अन् मी "कामात आहे" म्हणून ठेवून द्यायचो. हे मी चाचांना सांगितलं नाही. इथं सांगतो आहे.

मशीनला ते मेसेज ऐकवले. ती पुन्हा शिकायला बसली. मधेच दोस्ताचा फोन आला, "अबे, बाराचा फोटो फुटला! पाह्यला का?" मी म्हटलं, नंतर पाहतो. तो बराच वेळ "हॅलो, हॅलो" करत राहिला. त्याला वाटलं लाइन खराब आहे.

सकाळी आई स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. तिला काही सांगितलं नव्हतं. बाबांनी एका बोटानं तीन शब्द टाइप केले अन् माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी बटन दाबलं.

"चाय ठेव वं!"

खिडकीतली चिमणी उडाली. अन् आतून आई, पोळी लाटता लाटता, जशी चाळीस वर्षं उत्तर देत आली तशीच करवादली, "ठेवून राहिली ना! काहून बोंबलून राहिले सकाई सकाई!"

मग लाटणं थांबलं.

आई दारात आली. पिठाचे हात तसेच. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मशीनकडे पाहिलं नाही, फक्त बाबांकडे पाहत उभी राहिली. बाबांचं बोट बटनावरच होतं. मला रडू आवरेना.  आईनं पदराला हात पुसले, खाटेजवळ आली, गिलासातला चमचा काढून माझ्या हातात दिला अन् गिलास घेऊन आत गेली. मोरीत तो घासल्याचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा.

चहा तिनं त्याच गिलासातून आणला.