आत्या श्वास सोडते

अहो, काय सांगू आमच्या आत्याची तऱ्हा! ती घड्याळं दुरुस्त करते. बारीक स्क्रू उडू नयेत म्हणून काम करताना श्वास रोखून धरते. जन्मभर तेच केल्यावर छातीत धडधडणारच! डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "रोज डोळे मिटून शांत बसा. लक्ष श्वासावर ठेवा. मन भरकटलं तर परत आणा."

काल आत्या दुकानातच बसली, तीही उघड्या घड्याळासमोर! पोट फुगेपर्यंत श्वास घेतला आणि असा सोडला की सगळे स्क्रू गायब! मी कपाळावर हात मारून टेबलाखाली शिरले. आता ही दुकान डोक्यावर घेणार!

वरून टाळ्या ऐकू आल्या.

"अगं, पाहिलंस? एवढी हवा होती माझ्यात!"