काळ्या दगडाचा कौल

माझी नात चाकणच्या एका कंपनीत इंजिनियर आहे. कंपनीने तिला वर्षभर जपानला पाठवायचं ठरवलं आणि तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, आडवा आला. मोबाईलवर त्याने आग ओकणारा डोंगर पाहिला होता.

"न्हाई म्हंजे न्हाई. तिथं डोंगर फुटत्यात," तो म्हणाला. "डोंगरच बघायचाय तर हिमालयात जा. एवढा मोठा हाय, कधी धूर काढला का त्यानं?"

"पप्पा, मी डोंगर बघायला नाही चालले," नात म्हणाली. "आणि हिमालय का फुटत नाही, माहितीय का? तिथं दोन जमिनी एकमेकींना धडकल्यात. जपानला समुद्राचा तळ जमिनीखाली घुसतो, सोबत पाणी नेतो. आत पाणी गेलं की तापलेला दगड लवकर वितळतो. म्हणून तिथं ज्वालामुखी."

"पाण्यानं आग लागती व्हय?" बापाने मान उडवली.

मी लाडवासाठी गूळ चढवला होता. चौथीपर्यंतच शिकले, पण हे मला पटलं. कोरडा गूळ कढईत नुसता ठेवला तर जळतो, चमचाभर पाणी घातलं की लगेच पाक. मुलाला कढई दाखवली. त्याने पाकात बोट घातलं, चटका बसला आणि राग माझ्यावर काढला.

"मग आपला सह्याद्री?" मी नातीला विचारलं.

"तो तर सगळा लाव्हाच, आजी. फार पूर्वी जमिनीला भेगा पडून वाहिलेला. आता गार. तुझा पाटा, आपली विहीर, देवळातला देव, सगळं त्याच काळ्या दगडाचं."

मुलाने शेवटी नेहमीचा डाव टाकला. "देवाला कौल लावू. तो म्हणंल तसं."

कौल म्हणजे देवाच्या दगडाला दोन बाजूंना दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवाचे हात थरथरतात, म्हणून आमच्या घरच्या कळ्या मीच लावते. देवळात बाप डोळे मिटून हात जोडून उभा. नातीचा चेहरा पडलेला. तिचं वर्ष एका कळीवर टांगलं होतं.

देवाकडे पाहिलं. मनात म्हटलं, तू स्वतः जमीन फाडून बाहेर आलास आणि पोरीला ज्वालामुखीची भीती घालणार?

डावी कळी चांगली भिजवून दाबून बसवली. उजवीला नुसतं बोट लावलं.

उजवी टपकन पडली. मुलाने डोळे उघडले, कळी पाहिली आणि देवाला लोटांगण घातलं. उठून लेकीला म्हणाला, "जा. पन त्या डोंगराकडं फिरकू नको."

निघताना मी देवापुढे नारळ फोडला. त्यानेही तोंड बंद ठेवायला हवं.