पुसलेले फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, स्टाफरूममधल्या जिवाभावाच्या मैत्रिणीलाही नाही. तशी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, शाळेत सगळ्यांना माहीत आहे की! पण ही एक गोष्ट चार वर्षं गिळून बसले आहे.

सोलापुरातल्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. दर जूनमध्ये ऑनलाइन सुरक्षिततेचा तास माझा. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते — घाबरायचं नाही, लपवायचं नाही, पुरावा पुसायचा नाही. मुलं उतरवून घेतात. आपण लई शहाण्या, असं मला त्या तासाला वाटायचं.

नववीतली पूनम तो तास मन लावून ऐकायची. कबड्डी खेळणारी, गुडघे कायम खरचटलेले. आई चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. एकदा मधल्या सुट्टीत ती आईचा फोन घेऊन लॅबमध्ये आली. तिच्या नावानं, तिचा फोटो लावून कुणीतरी खोटं खातं काढलं होतं. त्यावरून शाळेतल्या पाचवी-सहावीच्या मुलींकडे फोटो मागितले जात होते. पूनमनं त्या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले होते. रडत नव्हती. तक्रार कुठं करायची, एवढंच विचारत होती.

आणि मी — कसं सांगू? — मी आधी दाराकडे बघितलं. कुणी ऐकलं तर नाही ना? नवे प्रवेश अजून चालू होते. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी माझं नाव चाललं होतं. शाळेचं नाव पेपरात आलं तर? त्या लहान पोरींचं काय होईल, हा प्रश्न मला पडला का? नाही. खरंच नाही पडला.

फोन तिच्या हातातून घेतला. एकेक स्क्रीनशॉट पुसला. पुसलेलं परत जिथून काढता येतं, तेही रिकामं केलं. मग म्हटलं, कुणीतरी चेष्टा केली असेल, विसरून जा. आईच्या जिवाला उगाच घोर लावू नकोस.

पोरगी माझ्या हातांकडे बघत राहिली. मग फोन घेऊन गेली.

मला काय माहीत, आईनंच तिला माझ्याकडे पाठवलं होतं? आदल्या दिवशी दोघींनी सात रस्ता चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन सगळ्याचे प्रिंट काढले होते. प्रत्येकावर तारीख, वेळ, खात्याचं नाव — पूनमच्या नीटस अक्षरात. दोन दिवसांनी आईनं अर्धी रजा टाकली आणि मायलेकी पोलिसांत गेल्या. खातं बंद झालं. करणारा सापडला — चांगला पस्तिशीचा बाप्या. एकाही पोरीचा फोटो त्याच्या हाती लागला नव्हता.

आई नंतर शाळेत आली तेव्हा मला व्हरांड्यात भेटली. “टॉवेल खराब निघाला की आमी फेकत न्हाय, मॅडम,” ती म्हणाली. “कुटल्या मागावर, कुटल्या पाळीत, चिठ्ठी लावून ठिवतो. न्हायतर दोष कुणाचा, कसं कळायचं?” माझ्याशी बोलताना तिच्या नजरेत आदर होता. म्हणजे लॅबमधलं पूनमनं आईलाही सांगितलं नव्हतं. का? मी आजवर विचारलेलं नाही. तेवढी माझी छाती नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेनं सत्कार ठेवला. तिचा — आणि जागरूक शिक्षिका म्हणून माझा! पूनम माइकपुढे दोनच वाक्यं बोलली. “पुरावा पुसायचा नाही, हे मॅडमनी शिकवलं. म्हणून त्या लहान मुली वाचल्या.” आवाजात टोमणा नव्हता. चौदा-पंधरा वर्षांची पोर, आणि एवढं मोठं मन कुठून आणलं तिनं? टाळ्या पडल्या. तेव्हा बोलता आलं असतं. माइक दोन पावलांवर होता. मी उठले, नारळ घेतला, चादर पांघरून घेतली आणि फोटोसाठी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पर्यवेक्षिकेची जागा मला मिळाली. जूनचा तास अजून मीच घेते. दरवर्षी मुलांना पूनमची गोष्ट सांगते, अगदी मनापासून सांगते — तिच्याइतकं धीट माणूस मी पाहिलेलं नाही. फक्त तो फोन घेऊन ती आधी कुणाकडे आली होती, तेवढं सांगत नाही.